भाकरीच्या डब्यावर झुरळांची स्वारी

“मरत्यात, उताणी पडत्यात, आन मी पाठ फिरवली की उठून चालू लागत्यात. मेल्यांनी नाटक कंपनी काढलीया!” ऐसे वैजयंतीबाईसाहेब कडक भाकरीच्या डब्यामागे तोंड घालोन पुटपुटल्या. शेजारी कांदा चिरणाऱ्या कन्येखेरीज ते कोणी ऐकिले नाही, परंतु पुढील सारे युद्ध त्याच पुटपुटण्यातून उपजले, सबब आरंभी लिहून ठेविले असे.

मुक्काम भवानी पेठ, सोलापूर. तेथील दोन खोल्यांच्या राज्यात मुदपाकखान्याचा कारभार वैजयंतीबाईंकडे, आणि त्यांच्या कडक भाकरीचा लौकिक ऐसा की, टिचकी मारिता वाजावी आणि महिनाभर ठेविली तरी इमान न सोडावे. दुकानवाल्या बाळाबाई दर शुक्रवारी ती भाकरी नेत. त्यांच्या कानी कोणी झुरळांची चुगली घातली, आणि मग निरोप आला की, येत्या शुक्रवारी आपण खासा येऊन स्वयंपाकघर नजरेखाली घालू, आणि झुरळ दिसले तर भाकरी बंद. त्या भाकरीवर कन्या ऋतुजा बी.एस्सी. शिकत होती, आणि त्या भाकरीमुळेच वैजयंतीबाईंचे नाव उंबऱ्याबाहेर प्रथम कोणी घेऊ लागले होते. ते नाव पणास लागले.

गनिमाच्या जोराचे मूळ ऐसे. गेल्या आषाढात भिंतीवरील पाल सासूबाई मथुराबाई यांच्या खांद्यावर पडली. मग आईसाहेबांनी डोकीवरून स्नान केले, आणि फर्मान काढिले की, पालजात हद्दपार करावी. पुत्र महिपतराव यांनी केरसुणी परजून चारही पाली हुसकिल्या. त्या पाली झुरळांची पिल्ले टिपीत. तो पहारा उठला आणि गनिमास मोकळे रान जाहले. मग फवाऱ्याचे औषध आले, आणि दर रविवारी आईसाहेब ते स्वहस्ते कालवून स्वहस्ते मारू लागल्या. त्याने कोळी मेले, मुंग्या मेल्या, आणि झुरळे मात्र दर महिन्यास अधिक मस्तवाल होऊन येत.

बुधवारी मसलत बसली.

“झुरळं शानी झाल्यात,” आईसाहेब बोलिल्या. “औषधाला सरावल्यात.”

“सरावत न्हाईत, आज्जी,” ऋतुजा मांडीवरचे पुस्तक मिटून म्हणाली. “सगळी झुरळं सारखी नसत्यात. एखादं जन्मापासनंच टणक असतंय. औषधानं मऊ मेली, टणक राहिली. मग पिल्लं कुणाला झाली? राहिलेल्यांनाच की!”

“म्हंजे मालदांडी ज्वारीचं बी निवडावं तशी मी झुरळं निवडली व्हय गं?”

“व्हय. एक नंबर वाण काढलंस.”

महिपतराव हसले, आणि मातोश्रींची नजर पडताच खोकले.

“त्यात औषध पातळ असलं,” ऋतुजा पुढे निघाली, “की अर्धवट टणक असलेली बी वाचत्यात, आन—” मग तिघांनी मिळोन पंख्याकडे पाहिले. कारण एक महिन्याची बाटली सात महिने कशी पुरली, हे सर्वांस ठाऊक होते. जिच्यावर घर चाले ती गिरणी बंद पडली त्या सालापासून आईसाहेबांनी पाण्याच्या एका तांब्याच्या बळावर हे राज्य राखिले होते. आमटीत तांब्या, चहात तांब्या, आणि त्या पाण्यावरच महिपतराव वाढले, शिकले, बोहल्यावर चढले. ऐसा तो तांब्या. त्याजवर बोट ठेवावे कोणी?

तेव्हा आडवाटेने मोहीम ठरली. मोरी कोरडी ठेवून गनिमाची पाण्याची रसद तोडिली, फटी पांढऱ्या सिमेंटने बुजविल्या, कणकेत बोरिक पावडर कालवून गोळ्या पेरिल्या, फवारा कपाटात कैद केला, आणि पालींस अभय दिले. आईसाहेबांनी अभयपत्रास मान हलविली नाही, परंतु केरसुणी दाराआड नेऊन ठेविली. गुरुवारी एक पाल कॅलेंडरमागे रुजू जाहली.

शुक्रवारी बाळाबाई आल्या, पाटावर बसल्या, चहाचा एक घोट घेऊन कपात बघत राहिल्या. इतक्यात उरलेल्या गनिमांपैकी एक पोरसवदा झुरळ भिंतीवरून डब्याकडे निघाले. तोच कॅलेंडर हलले, पाल झेपावली, आणि झुरळाच्या दोन मिशा तेवढ्या तिच्या तोंडाबाहेर राहिल्या.

“पालीनं लाज राखली,” बाळाबाई म्हणाल्या. “पर मथुराआक्का, झुरळं झालीच कशी? सूनबाईचं घराकडं ध्यान न्हाई वाटतं.”

महिपतराव कॅलेंडरावरील तारीख वाचू लागले. ऋतुजाने पुस्तक उघडिले. वैजयंतीबाईंस एका शब्दात निवाडा करिता आला असता, परंतु बावीस वर्षे पातळ आमटीस बोल न लावणाऱ्या त्या, भाकरीच्या डब्याचे झाकण पुसू लागल्या.

येथे लिहून ठेवावे की, बाळाबाई त्या दिवशी नेहमीची भाकरी बांधून घेऊन गेल्या, आणि पुढील शुक्रवारचीही सांगून गेल्या. परंतु ही फत्ते ना बोरिकची, ना पालीची. आईसाहेब पदर सावरून उठल्या, सुनेच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि जे बोलिल्या तीच या विजयाची नोंद असे:

“तिला काय बोलू नगा, बाळाबाई. औषधात पानी मी घालत हुते. आन तुमच्या हातातल्या च्यात बी.”