पाण्याची पाळी आणि देखणे समास

"लिहून ठेवा, असं वेळापत्रक अख्ख्या वसईत कुणी छापलेलं नसेल!" सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी छाती फुगवून सांगितलं. २००३ चा उन्हाळा. पाणी टँकरचं आणि जिन्यात रोज भांडणं. कुणाचा नळ कधी सोडायचा, ते आता माझा प्रोग्रॅम ठरवणार होता!

आणि तोही साधासुधा नाही. प्रोग्रॅम आणि त्यामागची कारणं एकाच फायलीत गोष्टीसारखी लिहायची. मग एका कमांडने त्यातून चालता प्रोग्रॅम निघतो, दुसरीने पुस्तकासारखं, कडेने नीट समास सोडलेलं देखणं पान! हे शिकायला मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत ठाण मांडलं. एक लिंक उघडावी तर पानच गायब. दुसरी उघडावी तर सगळं जर्मनमध्ये! मराठी फॉन्ट सापडला, तर तो उतरता उतरता वीज गेली. वैताग नुसता! शेवटी कुणा भल्या माणसाच्या साइटवर सगळं एकदाचं मिळालं.

"रविवारी स्वप्नाला बघायला येतायत," लतिकेने, म्हणजे माझ्या बायकोने, बजावलं. स्वप्ना तिची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहणारी. "मला घरात पाणी हवंय. तुमचे ते समास नकोत!"

"प्रोग्रॅममध्ये सोय केलीय गं!"

केलीच होती. शनिवारी पानं छापून आणली. काय ते समास! काय ती अक्षरं! मजकूर वाचायला सवड कुणाला? तडक नोटीस बोर्डावर लावून टाकली.

रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या रोझलीनबाई दारात उभ्या. मूळच्या भुईगावच्या, आवाज थेट अर्नाळ्यापर्यंत जाणारा.

"काय ओ रमेशभाऊ! 'रोझलीनबाई केळींना टाकीचं पानी घालतात, म्हणून त्यांची पाळी शेवटी.' हे काय लिवलंय?"

"ती... प्रोग्रॅमची टीप आहे."

"आनि ही? 'रविवारी पाहुणे येणार, सबब आमचा नळ आधी. सभासदांना सांगू नये. हे स्थळ गेलं तर लतिका मला जगू देणार नाही!'"

मेलो! नुसतं वेळापत्रक लावायचं सोडून मी कारणांसकट अख्खी फाईल छापून लावली होती. सभासदांनी जिन्यातच सभा भरवली आणि आमचा नळ एकमताने बंद केला.

पाहुणे आले तेव्हा घरात जेमतेम कळशीभर पाणी. आईवडील वर आले, पण मुलगा कुठंय? विघ्नेश खाली नोटीस बोर्डासमोर उभा!

"सगळं वाचलं असणार त्याने," लतिकेने कपाळाला हात लावला.

तो वर आला, तो डोळे चमकवतच. "हे कुणी केलं? मराठी अक्षरं इतकी नीट कशी आली? फॉन्ट कुठे मिळाला?" तोही बिचारा ऑफिसात हेच शोधून दमला होता. मी सांगायला लागलो. पोहे गार झाले. स्वप्ना चहाचा ट्रे घेऊन आली, उभी राहिली, शेवटी ट्रे घेऊन परत आत गेली. त्याने मान वर केली नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

संध्याकाळी फोन वाजला. लतिकेने झडप घातली. "विघ्नेश? बोला ना!... हो... हो का?" तिचा चेहरा उतरला. तिने रिसीव्हर माझ्या अंगावर ढकलला.

"त्या साइटचा पत्ता विचारतोय!"

मी पत्ता दिला. फोन ठेवून वळतो तर मागे स्वप्ना, कमरेवर हात ठेवून.

"भावोजी, पुढचं स्थळ आणाल तेव्हा एवढंच बघा. घरात पाणी नसलं तरी चालेल, कॉम्प्युटर नको!"