पितळी पट्टीचा कारभार

॥ श्री ॥

जो चाकास फिरवितो आणि पडत्यास झेलतो, त्या परमेश्वरास आधी नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक मासी, डोंगरी सायकलस्वारांचे एक राज्य होते, त्याचे नांव लिहिण्याचे प्रयोजन नाही, त्या राज्याची नामांकित शिलेदार म्हणजे आमची नणंद केतकी, तिने एके सकाळी आमचे स्वयंपाकघराचे उंबऱ्यात उभे राहून इशारा दिला, तो ऐसा जे, "वहिनी, माझ्या निळीचं मागचं सस्पेन्शन खोटं झालंय गं. अंगणात झोके घेते, आणि टप्प्यावरून उतरलं की धप्पकन तळाला जाते आणि मागून लाथ मारते." आणि आम्ही म्हणालो, "नवा बूटही चार दिवस चावतो. बाळाला धर जरा, दूध उतू जातंय." मग तिने बाळास घेतले आणि विषय तेथेच राहिला.

आता ही निळी म्हणजे डोंगरउताराची सायकल, आणि तिचे अंग कैसे होते हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढील अन्याय ध्यानी यावयाचा नाही. मागील चाक एका भुजेस बसविलेले, ती भुजा खिळीभोवती वरखाली होते, आणि धक्का सोसणारा शॉक सांगाड्यास बांधलेला, आणि भुजा व शॉक या दोघांमध्ये तळहाताएवढी त्रिकोणी पट्टी असते, तीस राज्यात कारभारी म्हणत. आणि म्हणत ते यथार्थच, कां की चाकास दगड लागला की चाकाची फिर्याद शॉकच्या कानी घालावी ती या पट्टीने, आणि किती जोराने घालावी तेही पट्टीचे आकारावर, तिची भोके कोठे पाडली त्यावर. चांगला कारभारी बारीक खडीची कटकट हळूच मिटवितो, आणि मोठी उडी आली की पावलोपावली विरोध वाढवीत जातो, म्हणोन चाक तळास आदळत नाही. वाईट कारभारी लहानपणी गोड बोलतो आणि खऱ्या संकटसमयी दरवाजा सताड उघडून देतो. निळीचा मूळ कारभारी काळा होता आणि चांगला होता. तो बदलला कोणी, तर राज्याचे सरलष्कर विश्वासराव रणपिसे यांणी.

कारण राज्याची एक रीत होती, तीस दाबपरीक्षा म्हणत. कोणतीही सायकल नवी आली की सरलष्करांची स्वारी अंगणी येई, आणि खासे बैठकीवर बसून, पाय जमिनीस टेकवून, बूड वरखाली करून पाहत, आणि भोवती मंडळी उभी राहून "वा, वा" म्हणत. पायडल मारणे नाही, ब्रेक दाबणे नाही, उतार नाही, दगड नाही. सायकल खाली पूर्ण दबली तर सरलष्कर म्हणत, "लोणी आहे, लोणी!" आणि विडा देत, अर्ध्यात थांबली तर म्हणत, "आखडू आहे, हिला शिकवा." निळी अर्ध्यात थांबली. थांबणे हाच तिचा गुण होता, शेवटचा प्रवास ती संकटाकरिता राखून ठेवीत असे. परंतु दरबारात राखून ठेवणाऱ्यास कोण पुसतो? सरलष्करांनी पितळेची नवी पट्टी कापविली, भोके आपले मर्जीने पाडविली, आणि मग निळी अंगणात तळापर्यंत दबू लागली, आणि मंडळींनी टाळ्या पिटल्या. चढावर प्रत्येक पायडलागणिक ती म्हशीसारखी डुलू लागली, तेव्हा सरलष्कर म्हणाले, "पाळण्याचं सुख आहे बघ, केतकी." केतकीने काळी पट्टी जपून डब्यात ठेविली.

मार्गशीर्षात शर्यत जाहाली. कातळाचा टप्पा, त्याचे खाली वळण, आणि वळणाआधी ब्रेक. केतकी टप्प्यावरून उतरली, आणि निळी तळास गेली, आणि तळाशी विरोध काहीच नव्हता म्हणोन सांगाडा आदळला, आणि आदळून शॉक उसळला, आणि केतकी हँडलवरून पुढे फेकली गेली. गळ्याचे हाड मोडले, दंडास पट्टा आला, केसांची वेणी आम्हांस घालावी लागली. आणि सरलष्कर भेटीस आले ते शहाळे घेऊन आले, आणि खुर्चीवर बसून काय म्हणाले? "लँडिंग चुकलं. हिंमत जरा कच्ची पडली, दुसरं काय." केतकी भिंतीकडे तोंड करून निजली. आम्ही चहा करावयास उठलो तो केलाच नाही.

मग आम्ही पाहू लागलो. यंत्रशास्त्राची पदवी घेऊन घरी बसलेल्या आईस पाहण्यावाचून दुसरे कोणते काम असते? आमचे बाळाची झोळी स्प्रिंगेस टांगलेली. बाळ तान्हे होते तों झोळी सुरेख झुलली, बाळ अंगाने भरले आणि झोळी जमिनीस टेकू लागली, बाळ दचकून रडू लागले. आणि आम्हांस निळी दिसली. मग केतकीकडोन डबा मागवून घेतला, काळी पट्टी कागदावर ठेवून भोके आखिली, निळी शर्यतीपासून सरलष्करांकडेच होती म्हणोन पितळीची भोके तिने आठवणीने दाखविली, आणि चाक किती उचलले असता शॉक किती दबतो याचे गणित मांडिले. काळी पट्टी शेवटास शॉकचे अंगी बळ आणीत होती, आणि पितळी नेमके शेवटास ते काढून घेत होती.

मग बाळ कडेवर घेऊन आणि स्प्रिंग पिशवीत घालून आम्ही दरबारी गेलो. मांडवाचे आडव्या बांबूस स्प्रिंग टांगिली, तीस सरलष्करांचेच हेल्मेट अडकविले, आणि त्यात दगड घालीत गेलो, आणि हेल्मेट शेवटी धुळीस टेकले. "हे पाहा," म्हणालो, "एवढंच झालं केतकीचं."

मंडळी हसली. सरलष्कर हेल्मेट झटकीत म्हणाले, "वहिनीसाहेब, पाळण्याचं शास्त्र पाळण्यापाशी ठेवा. इथे बसून बघितलंय आम्ही. लोण्यासारखी चालत होती."

"चालत कुठे होती? तुम्ही बसला होतात."

"सायकल वाईट असती तर दुसरीला दिली असती का? दिली मी इनाम. शर्मिष्ठा कारंडेला, घाटापलीकडे. धीट पोरगी आहे. पौषातल्या पुनवेला उतरणार आहे त्याच टप्प्यावरून."

मग म्हणालो ते सर्वांनी ऐकिले: "झोळी जमिनीला टेकली तर आम्ही झोळी उंच बांधतो, विश्वासराव. तुम्ही मूलच बदललंत!"

सरलष्कर विडा चघळीत म्हणाले, "बाळाला ऊन लागतंय, घरी न्या." ज्यांणी केतकीचे पराक्रमाचे फोटो आपले भिंतीवर लाविले त्यांतील एकही शूर जागचा उठला नाही. एका मुलीचे हाड मोडावे, तिजवर कच्चेपणाचा डाग ठेवावा, आणि तोच सापळा पुसूनपासून, हार घालून दुसरीचे स्वाधीन करावा, यास शौर्य म्हणत असतील तर त्या शौर्यास आमचा दुरून नमस्कार.

घरी येऊन शर्मिष्ठेस फोन लाविला, तो लागेना. बाळास ताप भरला, म्हणोन यजमान मोटरसायकल घेऊन घाट उतरून गेले. घरास कुलूप. शेजारीण म्हणाली, "ती दरीत तंबू ठोकून राहिलीये, सरावाला. रेंज नाही तिकडे. येईल धुणं घेऊन." दरीची वाट यजमानांस ठाऊक नाही, आणि अंधार पडू लागला. मग त्यांणी काळी पट्टी पिशवीत घालून, सोबत केतकीने डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी घालून, पिशवी कुलपापाशी कडीस अडकविली, आणि परतले.

तात्पर्य, राज्याची दाबपरीक्षा चालू आहे, सरलष्कर गादीवर आहेत, केतकीचा हात उचलत नाही, आणि निळी घाटापलीकडे आहे. वाचणाऱ्यास विनंती की, आपण त्या अंगास जाणार असाल तर कारंड्यांचे दारावरून जावे. शर्मिष्ठा भेटली तर तिची मागील पट्टी पाहावी, पितळी असेल तर तिला उतारावर जाऊ देऊ नये, रुसली तरी जाऊ देऊ नये. आणि दाराचे कडीस पिशवी लटकलेलीच दिसली, तर ती अजून घरी आली नाही ऐसे समजावे, आणि तेथे न थांबता, पिशवी घेऊन, दरीकडे चालू लागावे.