क्रमांक सत्त्याऐंशीची स्प्रिंग

बायकोने मला फक्त गाडीवरची चादर धुवायला काढून द्यायला सांगितलं होतं. ती काढून मी निमूटपणे घरात आलो असतो, तर आज माझ्या उजव्या हाताची पाचही बोटं एकसारखी दिसली असती.

गाडी माझी नव्हे, माझ्या सासऱ्यांची. मोटोक्रॉसची गाडी, म्हणजे चिखलातून आणि उंचवट्यांवरून उड्या मारत पळवायची. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, आणि सीट इतकी उंच की चढायचं म्हटलं तर आधी मनाची तयारी करावी लागते. नानांचं (सासऱ्यांना आम्ही सगळेच नाना म्हणतो) अर्धं आयुष्य शर्यतीत गेलं आणि उरलेलं स्वतःच्या गॅरेजमध्ये. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते आमच्याकडे राहायला आले. येताना एक ट्रंक आणि ही गाडी घेऊन आले. ट्रंक कपाटावर गेली, गाडी मागच्या शेडमध्ये गेली आणि नाना खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. तेव्हापासून तिघांपैकी कोणीच फारसं जागचं हललं नाही.

नाना दिवसातून तीन वाक्यं बोलायचे. ‘पेपर आला का’, ‘ठेव तिथे’ आणि ‘काही नको’. बायको रोज संध्याकाळी मला विचारायची, "आज चौथं काही बोलले का हो?" आणि मी मान हलवायचो. तिचा चेहरा उतरायचा. मला ते बघवत नसे.

तर मी चादर काढली आणि त्याच आठवड्यात पेपरात जाहिरात आली. गावाबाहेरच्या मैदानात जुन्या गाड्यांची मोटोक्रॉस शर्यत. गाडी किमान चाळीस वर्षांची हवी, चालवणारा किमान पन्नास वर्षांचा. जेवताना मी सहज म्हणून गेलो, "नाना, आपली गाडी उतरवू या का शर्यतीत?"

नानांनी हातातला घास तसाच धरून वर बघितलं.

"चालवणार कोण?" ते म्हणाले.

चौथं वाक्य. बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अशा वेळी माणसाने काय बोलावं? मी म्हणालो, "मी."

बायकोच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. ती इस्पितळात हाडांच्या वॉर्डात सिस्टर आहे. तिच्या मते माणसांचे दोनच प्रकार असतात, प्लास्टर घातलेली आणि प्लास्टर घालायची राहिलेली.

"अहो, तुम्ही स्कूटरवरून ऑफिसला जाताना स्पीडब्रेकर आला की पाय खाली टेकवता," ती म्हणाली.

"दोन्ही पाय टेकवतात," नाना म्हणाले. पाचवं वाक्य. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

त्याच जेवणात नानांनी आणखी एक गोष्ट सांगितली. शेवटच्या शर्यतीत ते पुढे होते. शेवटच्या वळणावर चेन तुटली. रेषा तीस पावलांवर होती. "ढकलत नेता आली असती," ते म्हणाले, "नियमात बसत होतं. पण लोक बघत होते. मला लाज वाटली. टेम्पोत टाकून घरी आणली." मग म्हणाले, "तिला रेषा ओलांडायची राहूनच गेली." हे त्यांनी गाडीबद्दल सांगितलं, पण ते फक्त गाडीबद्दल नव्हतं, हे माझ्यासारख्या माणसालाही कळलं. मी मनात ठरवून टाकलं, कितवा का नंबर येईना, गाडी रेषेपलीकडे न्यायची.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी ती चूक केली. म्हणालो, "नाना, तुम्ही फक्त आरामात बसा. गाडी खोलून, साफ करून, परत जोडायचं सगळं मी बघतो."

"गाडी कधी खोललीय का तुम्ही, जावईबापू?"

"पंचवीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनला आहे मी," मी म्हणालो. "एकदा नोंद झालेली वस्तू माझ्याकडून आजवर हरवलेली नाही." नाना "बरं" म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे वळले. त्यांचे हात किंचित कापतात म्हणून ते गप्प बसले, असं मला वाटलं. (मला बरंच काही वाटतं.)

माझी पद्धत सोपी होती. निघालेल्या प्रत्येक भागाला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर क्रमांक टाकायचा आणि तोच क्रमांक रजिस्टरमध्ये चढवायचा. चिठ्ठ्यांना भोकं पाडायला माझ्याकडे ऑफिसने निर्लेखित करून मोडीत काढलेलं लोखंडी पंच मशीन होतं. ते एवढं वजनदार आहे की वादळ आलं तर मी ते खिशात ठेवून बाहेर पडेन. रजिस्टरला चार रकाने आखले: अनुक्रमांक, वस्तूचं वर्णन, कुठून काढली, शेरा. वर्णनाच्या रकान्यात थोडी अडचण होती, कारण मला कुठल्याच भागाचं नाव ठाऊक नव्हतं. म्हणून मी लिहिलं, ‘गोल वस्तू’. मग ‘गोल वस्तू (लहान)’. मग दीड पान ‘वरीलप्रमाणे’.

दोन रविवार मी शेडमध्ये होतो. दुसऱ्या रविवारी पंच मशीन मध्येच बिघडलं. दाबलेला दांडा वर येईना. मी त्याला दोन बुक्क्या मारल्या, थोडं आदळलं, आणि मग दर वेळी नखाने दांडा उचलून काम पुढे चालू ठेवलं. साहित्य जुनं झालं की असं व्हायचंच. संध्याकाळपर्यंत गाडीच्या जागी नुसता सांगाडा उरला आणि रजिस्टरमध्ये दोनशे तेरा नोंदी झाल्या. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. मी बायकोला बोलावून रजिस्टर दाखवलं.

"अक्षर छान आहे," ती म्हणाली.

पुढचं काम भाग धुण्याचं. गॅरेजवाले रॉकेल आणि पेट्रोलमध्ये भिजवतात, एवढं मी ऐकून होतो. मी बायकोचा कपडे भिजवायचा टब घेतला, त्यात दोन्ही ओतलं आणि चिठ्ठ्या न सोडता (नोंद तुटू नये म्हणून) दोनशे तेराच्या दोनशे तेरा वस्तू त्यात सोडल्या. क्रमांक ज्या मार्करने टाकले होते, त्याच्यावर ‘परमनंट’ असं लिहिलेलं होतं. पंचवीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाचा या शब्दावर विश्वास बसणारच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मी टबात हात घातला. भाग चकचकीत झाले होते. चिठ्ठ्या त्याहून चकचकीत झाल्या होत्या. एकीवरही काही म्हणता काही नव्हतं. टबातलं रॉकेल मात्र शाईने निळंशार झालं होतं.

मी टबाशेजारी उकिडवा बसलो आणि रजिस्टर उघडलं. ‘क्र. ४१, गोल वस्तू (लहान), मधून काढली.’ कशाच्या मधून, हे मी लिहिलेलं नव्हतं. शर्यत चार आठवड्यांवर आली होती. मला खरंच रडू यायला लागलं. गाडी गेली याचं वाईट वाटत होतंच, पण नानांची ती रेषा मी स्वतःच्या हाताने टबात बुडवली होती, हे मनातून जाईना.

शेवटी मी टब उचलला, तसाच ठिबकत ठिबकत घरात नेला आणि नानांच्या खुर्चीसमोर ठेवला. काय झालं ते सगळं सांगितलं. नानांनी टबाकडे बघितलं. मग रजिस्टर मागितलं. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, त्यांना त्रास होतोय. मी बायकोला हाक मारली. ती धावत आली, तोवर नाना मोठमोठ्याने हसत होते.

"वरीलप्रमाणे," ते डोळे पुसत म्हणाले. "अगं, यांनी पिस्टनला ‘डबा (उलटा)’ लिहिलंय."

मग त्यांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि टबात हात घातला. एकेक भाग बोटांनी चाचपून ते नाव सांगत गेले. ही क्लच प्लेट. हा किकचा शाफ्ट. ही पिस्टनची रिंग, सांभाळा, वाकेल. त्यांचे हात कापत नव्हते. बायको चुलीवरचं तसंच टाकून जमिनीवर बसली आणि जुने टॉवेल पसरून भाग ओळीने लावू लागली. मी नव्या चिठ्ठ्या लिहीत होतो, नखाने पंच मशीनचा दांडा उचलत.

एका लहानशा स्प्रिंगपाशी मात्र नाना अडले. ती त्यांनी दोनदा दाबून बघितली, डोळे उघडले, चष्मा लावला, एकदा माझ्याकडे बघितलं.

"ही कितवी?"

मी मोजून सांगितलं, "सत्त्याऐंशी."

"ठेवा बाजूला. शेवटी बघू."

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात फार चांगले गेले. नाना सकाळी माझ्या आधी शेडमध्ये हजर असायचे. स्टुलावर बसून हुकूम सोडायचे, मी पाने हातात द्यायचो, चुकीचा पाना दिला की बोलणी खायचो. बायकोने वाक्यं मोजायचं केव्हाच सोडून दिलं होतं. गाडी जोडून झाली. पाचव्या किकला ती फटफटली, शेड निळ्या धुराने भरून गेलं आणि नाना त्या धुरात उभे राहून असे श्वास घेत होते, जणू कोणी उदबत्ती लावलीय.

फक्त स्प्रिंग उरली होती. दोनशे बारा वस्तू गाडीत आणि क्रमांक सत्त्याऐंशी माझ्या तळहातावर.

"नाना, ही कुठली?"

"आठवत नाही बुवा," नाना म्हणाले. "वय झालं."

"ब्रेकची तर नसेल?"

"असेलही. नसेलही. गाडी चालेल हो. फक्त जोरात घेऊ नका, म्हणजे झालं."

ज्या माणसाने डोळे मिटून दोनशे बारा भाग ओळखले, त्याला नेमका हाच आठवू नये, याचं मला त्या वेळी नवल वाटायला हवं होतं. मला फक्त घाम फुटला.

शर्यतीच्या दिवशी आम्ही अकरा जण रेषेवर उभे होतो. डाव्या बाजूला एक खाटीक, उजव्या बाजूला निवृत्त पोस्टमन, दोघांचेही दंड माझ्या मांडीएवढे. दोरीपलीकडे नाना काठी टेकून उभे होते आणि त्यांच्या शेजारी बायको, हातात प्रथमोपचाराची पेटी. झेंडा पडला. दहा गाड्या निघून गेल्या, त्यांचा चिखल माझ्यावर बसला आणि मग मी निघालो.

मी ती शर्यत पहिल्या गिअरमध्ये पार पाडली. प्रत्येक उंचवट्याआधी मला सत्त्याऐंशी आठवायचा आणि मी दोन्ही पाय खाली टेकवायचो. पोस्टमन माझ्या बाजूने तीनदा गेला. तिसऱ्या वेळी त्याने काही मदत हवी का, असं विचारलं. बाकीच्यांच्या पाच फेऱ्या संपून बक्षिसं वाटून झाली, दोऱ्या गुंडाळायला सुरुवात झाली, तेव्हा मी शेवटच्या वळणावर आलो. आणि तिथे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

रेषा तीस पावलांवर होती.

मी किक मारली, पुन्हा मारली, काही नाही. मैदानात उरलेली सगळी माणसं बघत होती. मी खाली उतरलो, हँडल धरलं आणि ढकलायला लागलो. चिखलात पाय घसरत होते. तेवढ्यात मागून गाडी हलकी झाली. वळून बघतो तर नाना. काठी कुठे टाकली कोणास ठाऊक, दोन्ही हात सीटवर लावून वाकलेले. दुसऱ्या बाजूने बायको, पेटी खांद्याला अडकवलेली.

"बघताय काय, ढकला," नाना म्हणाले. "लोक बघू देत."

आम्ही तिघांनी ती गाडी रेषेपलीकडे नेली. नाना तिथेच चिखलात बसले आणि त्यांनी पुढच्या चाकावर हात ठेवला. मी आयुष्यात इतका खूश कधी झालो नव्हतो.

मग नानांनी प्लग काढून बघितला. काळाकुट्ट. "टू-स्ट्रोक गाडी इतकी हळू चालवली की प्लग काजळतो," ते म्हणाले. "पण इतकी हळू कोणी चालवतं, हे मला माहीत नव्हतं."

"नाना, ती स्प्रिंग ब्रेकची असती तर..."

"ती तुमच्या पंच मशीनची आहे, जावईबापू. हातात घेतली तेव्हाच कळलं होतं मला."

बुक्क्या मारल्या, आदळलं, ते सगळं आठवलं. उडालेल्या स्प्रिंगला मी इमाने इतबारे चिठ्ठी बांधून तिची नोंद केली होती.

"मग सांगितलं का नाहीत?"

नानांनी लेकीकडे बोट दाखवलं. ती पेटी बंद करत होती.

"मीच म्हटलं होतं, सांगू नका," ती म्हणाली. "गाडी मोडली तर नाना दुरुस्त करतील. तुम्ही मोडलात तर तुमचे सुटे भाग मिळत नाहीत आता."

मला यात प्रेम दिसलं, आणि दिसतंच आहे. त्या आनंदात मी दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंच मशीन घेऊन बसलो. स्प्रिंग जागेवर बसवली आणि नीट बसली का बघायला बोट आत घातलं. अंगठ्याशेजारचं बोट. स्प्रिंग फार नीट बसली होती, फक्त तिला दाबून धरलेला माझा दुसरा हात सटकला आणि ते अख्खं धूड टेबलावरून बोटासकट खाली आलं.

हाडांच्या वॉर्डात बायकोनेच केसपेपर भरला. नाव, वय, कुठलं हाड. ‘अपघाताचं कारण’ या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं, तेव्हा मी हळूच म्हणालो, "मोटोक्रॉस लिही ना."

तिने वर न बघता लिहिलं, ‘पंच मशीन’. अक्षर छान होतं.