बापूच्या मोटारीचा डावा दिवा

मुंबईच्या जुन्या बाजारातून मी नाना केळुसकरांसाठी मोटारीचं स्टिअरिंग आणलं होतं. त्यांच्या गाडीला लागणारं, त्याच विलायती कंपनीचं, त्याच बनावटीचं, तेलकट कागदातून कधी बाहेरच न निघालेलं. नानांनी ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं, हुंगलं, उजव्या अंगठ्याने कडेवरची एक जागा चाचपली आणि पुन्हा कागदात गुंडाळून मला परत दिलं.

"बरां आसा," ते म्हणाले. "पण ता न्हय."

मी म्हटलं, कंपनी तीच आहे, नंबरही तोच आहे.

"कंपनी तीच आसात. पण बापूच्या हातातला ता न्हय."

आरोंद्यात मी नानांचा शेजारी होतो. मुंबईच्या एका वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या धाडणं हे माझं काम. बातमी म्हणावी असं फारसं काही तिथे घडत नसे, त्यामुळे नानांकडे पाहायला मला वेळ होता. ते मामलेदार कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. लग्न केलं नव्हतं. घरामागच्या खोपीत त्यांच्या थोरल्या भावाची, बापूची, कापडी टपाची मोटार होती. बापू तरुणपणी मोंबासाला नोकरीला गेला, तेव्हा बोटीवर चढताना त्याने धाकट्या भावाला सांगितलं होतं, "मोटार सांभाळ. येतंय तेव्हा आसा तशी होई." एवढं सांगून गेलेला बापू परत फिरकला नाही.

नानांनी मोटार सांभाळली, पण सुट्या भागांनी, आणि तेही दुसऱ्यांच्या घरी. भोंगा दशावतारी मंडळींकडे गेला. स्टिअरिंग खाडीवरच्या लाँचला लागलं. मागची बैठक शिरोड्याच्या न्हाव्याकडे गेली आणि गिऱ्हाइकांचं बाक झाली. डावा दिवा खाडीपलीकडे, पोर्तुगिजांच्या हद्दीत, मिंगेल नावाच्या दारूवाल्याने नेला. का दिलं, असं विचारलं की नाना दोनच शब्दांत, मागितलं म्हणून दिलं, एवढंच सांगत: "मागल्यानी. दिलंय."

मग एके वर्षी आफ्रिकेहून आलेल्या एका गाववाल्याने निरोप आणला की बापू कायमचा परत यायचं म्हणतो आहे. त्या दिवसापासून नानांची झोप उडाली. मोटारीच्या धंद्यात दोन जाती मानतात. कंपनीचा भाग तो असली, दुसऱ्या कुणी केलेला तो डुप्लिकेट. नानांच्या लेखी कंपनीचा कोरा भागसुद्धा डुप्लिकेटच होता. बापूने जो सोडला होता तोच भाग, त्याच्या ओरखड्यांसकट, परत जागेवर बसला पाहिजे. नाहीतर बापू काय म्हणेल?

लाँचवाल्याने मी आणलेलं कोरं स्टिअरिंग आनंदाने लावून घेतलं आणि जुनं काढून दिलं. त्याच्या कडेवर बापूच्या अंगठ्याने झिजलेली जागा होती. ती सापडल्यावर नाना तरीच्या धक्क्यावरच खाली बसले.

न्हावी इतक्या सहज ऐकणारा नव्हता.

"नाना, ह्या बाकार बसलेलो माणूस दाढी करूक इलंय ह्याच इसारता. ह्या तुमी व्हरलात तर माझां गिऱ्हाईक उबां ऱ्हवतला?"

नानांनी त्याला फणसाच्या लाकडाचं बाक करून दिलं. बैठक बैलगाडीतून घरी आणली आणि उलटसुलट पाहिल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मूळच्या चामड्यात एक फाट होती. बापूच्या छत्रीने पडलेली. न्हाव्याने तिच्यावर रेक्झिनचं ठिगळ मारलं होतं. नानांनी चार दिवस खपून ते ठिगळ टाका-टाका उसवून काढलं. खालची फाट सुखरूप होती. जुनी मोटार दुरुस्त करणारे लोक फाटलेलं शिवतात. शिवलेलं पुन्हा फाटकं करणारा माणूस मी तरी तो एकच पाहिला.

भोंग्यापायी सगळ्यांत जास्त त्रास झाला. मंडळींच्या खेळातला राक्षस, संकासुर, त्या भोंग्यावर रंगभूमीवर येत असे. नाना जत्रा ते जत्रा त्यांच्या मागे फिरले. शेवटी मालक म्हणाला, दुसरा भोंगा द्या आणि हा न्या. दुसरा मलाच मुंबईहून आणावा लागला. पितळी होता, जुन्यापेक्षा मोठ्या आवाजाचा. तालमीत तो वाजवला. संकासुराचं काम करणारा नट पडद्याआडच थांबला.

"काय रे, भायर येणंस नाय?" मालक ओरडला.

आतून उत्तर आलं, "बरो आसा. पण तो न्हय."

नाना ओशाळले नाहीत. उलट आत जाऊन त्यांनी त्या नटाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुका एकट्याक कळलां." मग जुना भोंगा पिशवीत घालून घरी घेऊन आले.

राहिला डावा दिवा. तो हद्दीपलीकडे होता आणि हद्द बंद होती. किनाऱ्यावर उभं राहिलं की मिंगेलचं दुकान डोळ्यांना दिसे, पण तिथे जाता येत नसे. नाना रोज संध्याकाळी तिकडे पाहून येत. गोवा मोकळा झाला त्या आठवड्यात आरोंद्याचे लोक होड्या भरभरून पलीकडे गेले. कुणी नातेवाइकांना भेटायला गेलं, कुणी नुसतं पाहायला. नाना दिवा मागायला गेले. मिंगेल वारला होता. त्याच्या बायकोने सांगितलं, दिवा होडीला बांधला होता. होडी बुडाली तेव्हा तोही खाडीत गेला.

बापू येत्या उन्हाळ्यात येणार हे तोवर नक्की झालं होतं. नाना उजवा दिवा घेऊन कुडाळच्या एका पितळकाम करणाऱ्याकडे गेले आणि तसाच दुसरा करून आणला. त्या माणसाने काम इतकं हुबेहूब केलं, की घरी आल्यावर खरा कुठला आणि खोटा कुठला हे नानांनाच कळेना. एक अख्खा दिवस ते दोन्ही दिवे ओटीवर ठेवून बसले होते. शेवटी आतल्या बाजूच्या स्क्रूंच्या गंजावरून खरा ओळखला आणि पुन्हा घोटाळा नको म्हणून खोट्याला तांबडा दोरा बांधला.

आता प्रश्न असा की बापूला सांगायचं की गप्प बसायचं. आमच्याकडे असल्या प्रश्नाला कौल लावतात. देवीच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नाना मला बरोबर घेऊन सातेरीच्या देवळात गेले. हात जोडले आणि महत्त्वाचं काम असल्यामुळे त्यांनी कचेरीतली मराठी काढली.

"सदरहू दिवा मूळचा नसल्याबाबत बापूस कळवावे, अगर न कळविता तसाच बसवावा, की मूळचा दिवा मिळण्याची वाट पाहावी?"

पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. गुरव कंटाळला.

"नाना, देवीक सदरहू कळणा नाय. आणि तीन-तीन एकदम इचारल्यात तर ती काय करतली? ती काय तुमची कचेरी? एक काय ता इचारा."

नानांनी पुन्हा हात जोडले. मग खाली मान घालून म्हणाले, "बापूक सांगू?"

उजवी पाकळी पडली. नानांनी ती पडताना पाहिली, आणि मग आणखी कुणी पाहिली का म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी पाहिली होती.

बापू वेंगुर्ल्यापर्यंत बोटीने आले आणि तिथून एस.टी.ने. त्यांना आणायला मोटार जाऊ शकली नाही. त्या एका दिव्याखेरीज तिच्यात सगळं मूळचं होतं, मूळचं बंद पडलेलं इंजिनसुद्धा. पांढऱ्या सुटातला तो वाकलेला म्हातारा घरात न शिरता सरळ खोपीकडे गेला. नाना त्याच्यामागे आणि मी दाराशी. बापूंनी स्टिअरिंगवर हात फिरवला, बैठकीची फाट पाहून हसले, भोंगा एकदा दाबला. पुढे येऊन डाव्या दिव्याशी थांबले.

"ह्यो दोरो कसलो रे?"

नानांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"तो तुजो न्हय. कुडाळात केलंय. तुजो खाडयेत बुडालो. भोंगो, स्टिअरिंग, बाक, सगळां मी लोकांक दिललंय. मागीर गोळा केलंय. ह्यो एक गावलो नाय."

"पण दिलंस कित्याक?"

इतकी वर्षं दोन शब्दांत संपणारं उत्तर त्या दिवशी लांबलं.

"आई गेली तशी घरात कोण येय ना. एक दिवस दशावतारी भोंगो मागूक इलो. बसलो, चाय घेतल्यान, गजाली केल्यान. मागीर लाँचवालो इलो. मागीर न्हावी. माका वाटलां, मोटारीतला काय ना काय देऊक ऱ्हवला तवसर माणसां येत ऱ्हवतली."

 बापू मोटारीच्या पायरीवर बसले. खिशातून रुमाल काढला, तोंडात बोटं घातली आणि वरची आणि खालची कवळी काढून रुमालावर ठेवली. त्यांचे गाल एकदम आत गेले. पुढचं त्यांचं बोलणं बोबडं होतं, पण कळलं.

"हे माजे न्हय. मोंबाशाच्या दाक्तरान केले. आता माका परत धाडतलंस?"

नाना वाकले. त्यांनी दात नीट पाहिले, रुमाल या बाजूने फिरवून, त्या बाजूने फिरवून. मग त्यांचे खांदे हलू लागले. हसत होते की रडत होते हे मला मागून दिसलं नाही.

"घाल ते तोंडात आधी," ते म्हणाले. "सुंगटांची आमटी केलंय. थंड जातली."

भावाचा हात धरून ते त्याला घरात घेऊन गेले. मागचं दार उघडंच होतं. आत केळीची दोन पानं समोरासमोर मांडलेली होती, पाणी फिरवून, मीठ वाढून. त्या घरात दोन पानं मी पहिल्यांदाच पाहिली. नानांनी ती एस.टी. यायच्या आधीच मांडून ठेवली होती.