हुकुमावरून हुकूम बंद

सत्ता माणसाला बिघडवते, हे जगातल्या सर्व विचारवंतांना मान्य आहे. सत्ताच उरली नाही, तर माणसाने बोटे कोणाच्या नावाने मोडायची, याचा अभ्यास मात्र पुरेसा झालेला नाही. ही उणीव रबरी शिक्क्यांच्या एका छोट्या कारखान्याने भरून काढली. त्याचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

कारखान्याच्या मालकांना दाढदुखीमुळे आठवडाभर घरी बसावे लागले आणि तेवढ्यात त्यांनी अराजकवादावरचे एक जाडजूड पुस्तक वाचून काढले. (दाढ निघाली, विचार राहिला.) सोमवारी दारावर सूचना लागली:

'माणसे मुळात शहाणी असून राजा, सरकार, साहेब आणि मालक यांच्यामुळे बिघडतात. सबब आजपासून येथे कोणी कोणाला हुकूम देणार नाही. अवजारे सर्वांची. कामे आपखुशीने व एकमेकांच्या मदतीने. निर्णय सर्वांच्या संमतीने. हे सर्वांनी सक्तीने पाळावे. हुकुमावरून.'

"म्हणजे आता तुम्हाला मालक म्हणायचं नाही?" मूठवाल्या काकांनी विचारले.

"अजिबात नाही."

"बरं, मालक."

मूठवाले काका एकतीस वर्षे शिक्क्यांना लाकडी मुठी चिकटवत आले होते. 'मंजूर', 'नामंजूर', 'पाहिले', 'पुन्हा येणे' असे लाखभर शिक्के त्यांच्या हातांखालून गेले होते. माणूस असा, की घरी पंख्याचा वेग वाढवायचा तरी आधी काकूंच्या तोंडाकडे बघणार.

पहिल्या आठवड्यात उत्पादन चाळीस टक्क्यांनी घटले व आत्मसन्मान तेवढाच वाढला (मोजणी आपखुशीने). खरे सांगायचे तर मंडळी गुणी होती. साचेवाल्याचा हात भाजला, तेव्हा अक्षरे जुळवणाऱ्या बाईंनी कोणी न सांगता त्याचे काम उरकले. मदतीला कोणाची सही लागत नाही, हे पुस्तकातले म्हणणे तंतोतंत खरे ठरले. घोडे अडले ते रजेपाशी.

गुरुवारी दुपारी दोन वाजता काकांना जावयाचा फोन आला. परगावी मुलीला दवाखान्यात नेले होते. पहिलीच खेप, पोर घाबरलेली, आणि 'बाबा कधी येणार' एवढे एकच विचारत होती. गाडी चारची होती, त्यानंतरची थेट दुसऱ्या दिवशी. काका धावतच मालकांच्या टेबलाशी गेले.

"मालक, जाऊ का?"

मालक कळवळले. "काका, मला काय विचारता? तुम्ही स्वतंत्र आहात."

"हो. मग जाऊ?"

"अहो, मी 'जा' म्हटलं तर तो हुकूम होईल."

"मग नको जाऊ?"

"तोही हुकूमच की!"

प्रश्न तात्त्विक असल्याने सगळे गोल करून बसले. (गोल अशासाठी, की त्याला वरची बाजू नसते.) संमती कशावर घ्यायची? काकांच्या जाण्यावर, की जायला संमती लागतच नाही या तत्त्वावर? पाऊण तास घासाघीस होऊन तत्त्वावर एकमत झाले. बाईंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. काका होते तिथेच उभे.

"आता काय राहिलं?" साचेवाल्याने विचारले.

"ठरलं ना सगळं?" काका काकुळतीला येऊन म्हणाले. "मग आता कोणीतरी सांगा की!"

कोणी सांगेना. शेवटी काकांनी स्वतःच हातपाय हलवले. रजेचा अर्ज लिहिला, फळीवर वाळत ठेवलेल्या दोनशे 'मंजूर' शिक्क्यांतला एक उचलला, शाईवर टेकवला, आणि हात हवेतच थांबला. आयुष्यभर शिक्के बनवले होते, मारला एकही नव्हता. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, डोळे भरून आले. पण इतक्या घाईत इतका मोठा निर्णय घेणे त्यांना जबाबदारीचे वाटेना. त्यांनी अर्जावर 'पुन्हा येणे' असा शिक्का मारला, कारखान्याला एक फेरी घातली आणि पुन्हा आले.

चाराला वीस मिनिटे कमी असताना, आधीच मुलीपाशी गेलेल्या काकूंचा फोन आला. तो सगळ्यांना ऐकू आला.

"अजून तिथंच? पोरगी इकडं कळा सोसतेय आणि तुम्ही मुठी काय चिकटवताय? निघा आधी! आत्ताच्या आत्ता!"

"हो हो, निघालोच!" काका म्हणाले. त्यांच्या जिवावरचे ओझे उतरले. चपला हातात घेऊनच ते पळत सुटले. गाडी मिळाली. रात्री नात झाली, आणि झाली तेव्हा मुलीचा हात बापाच्या हातात होता.

"सुटले बाई काका," बाई हेव्याने म्हणाल्या. मागे उरलेली मंडळी गोलातच बसून होती. सहा वाजले, साडेसहा वाजले. 'सुटी झाली' असे म्हणायचा अधिकार आता कोणालाच नव्हता. मालकांना तर सपाटून भूक लागली होती, पण आधी उठून पुढारी ठरायचे त्यांच्या जिवावर आले.

तुम्हाला हसू आले असेल. अवश्य हसा, तुम्ही स्वतंत्र आहात. पण काका गाडीत बसले तेव्हाच गोष्ट संपली होती. तरी तुम्ही अजून हलला नाहीत, आणि खाली कोणी 'समाप्त' लिहीपर्यंत हलायचा तुमचा विचारही दिसत नाही. आम्ही तसे काही लिहिणार नाही.