चोवीस डबे आणि एकवीस काड्या

गेल्या महिन्यात मी नेम केला होता, की एकवीस दिवस कुणावरही आवाज चढवायचा नाही.

नेम मला नवे नाहीत. आजवर मी गोड सोडलंय, दुपारची झोप सोडलीय, एकदा तर चहाही सोडला होता (त्या महिन्यात घरातली माणसं माझ्याशी दाराआडून बोलत). पण या वेळी प्रश्न मुलीचा होता. नर्सिंगची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. मागच्या वर्षी परीक्षक बाई खेकसल्या आणि हिचा सुईचा हात असा थरथरला, की नापासच झाली. यंदाही तसंच झालं तर दवाखान्यात तिच्यासाठी राखून ठेवलेली जागा दुसरीला जाणार होती. मी देवाला म्हटलं, "तू तिचा हात सांभाळ, मी माझी जीभ सांभाळते."

सोमवारी सकाळी अंघोळ करून, हाताला लागली ती वही घेतली, मागच्या पानावर पेनाने पहिली काडी ओढली आणि वही देवापुढच्या खणात ठेवली. रोज एक काडी. एकवीस झाल्या की नेम पुरा.

आपला राग येतो कुठून, याचा विचार मी आधीच करून ठेवला होता. माझा राग संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान, स्वयंपाकघरात येतो. मी विचारते, "आज काय करू?" हे म्हणतात, "काहीही कर." सासूबाई म्हणतात, "मला काय, दोन घास पुरेत." मुलगी पुस्तकातून मान वर न करता म्हणते, "कालचं नको." आणि मी काहीही केलं, की तिघंही ताटाकडे असं बघतात, जणू चुकून शेजारच्यांच्या घरी जेवायला बसलेत. ('काहीही' कसं करतात, हे मला कुणीतरी एकदा लिहून द्या.)

म्हणून ठरवलं, प्रश्नच विचारायचा नाही. दोन आठवड्यांचा स्वयंपाक आदल्या रविवारीच उरकून टाकायचा. प्रश्न नाही, तर राग नाही. किती सोपं!

रविवारी पहाटेपासून चुलीपाशी उभी राहिले. भात, वाटाण्याचा रस्सा, भोपळ्याचं सूप, बटाट्याची भाजी, कुस्करलेला बटाटा, मळलेलं पीठ, वाटलेला लसूण. चोवीस डबे भरले. सासूबाईंची गुडघ्यावर ठेवायची बर्फाची पिशवी बाहेर काढून फ्रीझरमध्ये जागा केली. आता प्रत्येक डब्यावर नाव लिहायचं तेवढं राहिलं होतं. माझे पाय सुजले होते, म्हणून ते काम यांना सांगितलं. माझी पहिली चूक.

हे कचेरीत दप्तर सांभाळतात. तीस वर्षं.

"नावं कशाला? क्रमांक देऊ," हे म्हणाले. "क्रमांक आणि सोबत नोंदवही."

"अहो, नुसतं 'भात' लिहायचंय."

"कुठला भात? किती तारखेचा? उद्या विचारणा झाली तर?"

(विचारणा करणार कोण? मीच!) पण नेम दुसऱ्या दिवसापासून होता, तरी म्हटलं, आतापासून सवय करू. गप्प बसले. डब्यांवर एक-अ पासून सहा-ड पर्यंत सुरेख अक्षरात चिठ्ठ्या लागल्या. कुठल्या क्रमांकात काय आहे, ते फक्त नोंदवहीत.

सोमवारी संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात आले. चेहरा पांढरा.

"अगं, ती नोंदवही कुठं दिसत नाहीये."

माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती मी शब्दांत सांगणार नाही. दात आवळले, देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "असू दे हं. सापडेल."

हे दोन पावलं मागे सरकले. सासूबाई आतून म्हणाल्या, "सूनबाई, ताप आलाय का गं?"

घर उलटंपालटं केलं. गाद्यांखाली पाहिलं, धान्याच्या पिंपात पाहिलं. यांनी कचेरीतले खण उपसले. वही नाही ती नाहीच. झाकणं उघडून पाहावं, तर आत सगळीकडे सारखाच पांढरा बर्फाचा गोळा. आणि एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही, हा मुलीच्या दवाखान्याचा नियम! म्हणजे जे निघेल ते खायचं.

सोमवारी निघाला भात, भात आणि भात. मंगळवारी मी मोठ्या आशेने दोन-क तव्यावर उलथला, तर भोपळ्याचं सूप चुलीवरून वाहत खाली आलं. बुधवारी भाजी समजून वाढलं ते मळलेलं पीठ. सासूबाईंनी चमचा त्यात रोवला, तो तिथंच उभा राहिला.

"आमच्या वेळी जेवण नुसतं पाहून ओळखू यायचं," त्या म्हणाल्या.

"आई, दुसरं काढते हं," मी म्हटलं. आवाज मधासारखा. पदराच्या टोकाला मात्र एवढा पीळ दिला होता, की शिवण उसवली.

शुक्रवारी कहर झाला. मुलगी सकाळी घाईत चार-ब घेऊन वॉर्डात गेली. दुपारी झाकण उघडलं, तर डबाभर वाटलेला लसूण. सहा खाटांवरचे सहा रुग्ण उठून बसले. (त्यातल्या एकाला डॉक्टर तीन दिवस बसा म्हणून सांगत होते, हे तिचं म्हणणं.) उपाशीपोटी घरी आली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. "चालायचंच गं, बाळा."

ती रडायलाच लागली. "आई, एकदा ओरड ना! बाबा चपला हातात घेऊन घरात चालतात. आजी मला विचारते, तुझ्या आईला डॉक्टरांनी काही सांगितलंय का. माझा अभ्यास होत नाहीये!"

कसं ओरडणार? तिच्यासाठीच तर गप्प होते. उरलेला राग गिळला. लसणाच्या वासासकट.

दहाव्या दिवशी परीक्षा. सकाळी काडी ओढून आले आणि पाहते, तर मुलगी गाढ झोपलेली. आठला हजर राहायचं, घड्याळात सात वाजून दहा.

"बाळा, ऊठ हं," मी हळूच म्हटलं.

कूस बदलली.

"उठतेस ना, राजा?"

पांघरूण डोक्यावर गेलं. तेव्हा लक्षात आलं. बावीस वर्षं ही मुलगी माझ्या ओरडण्यावरच उठत आली आहे. कुजबुजीने उठायचं तिला ठाऊकच नाही. सात वाजून तेरा. एकीकडे नेम, एकीकडे लेक. देवाकडे पाहिलं. तो नेहमीप्रमाणे शांत. (त्याला कुठे सकाळी कुणाला उठवायचं असतं?)

आणि मी तोंड उघडलं.

"उठतेस का नाही!" इथून सुरुवात झाली, ती थांबेचना. नऊ दिवसांचं साठलेलं एकदम वितळलं. काहीही कर, दोन घास पुरेत, कालचं नको, पिठात उभा राहिलेला चमचा, सगळं निघालं. शेवटी यांच्याकडे वळले. "आणि तुम्ही! तीस वर्षं जगाचं दप्तर सांभाळता, घरातली एक वही सांभाळता येत नाही! डोकं कुठल्या क्रमांकाच्या डब्यात ठेवलंय?" वरच्या मजल्यावरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. सासूबाईंनी न सांगता ताटं मांडली.

मुलगी ताडकन उठली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "हुश्श! आता बरं वाटलं." आठला पाच कमी असताना ती परीक्षेच्या दारात होती.

दुपारी हसत आली. "आई, परीक्षक बाई यंदाही खेकसल्या. पण मी सकाळी तुझं ऐकून गेले होते ना! त्या अगदीच पोरकट वाटल्या. हात हललासुद्धा नाही." पुढच्या आठवड्यात निकाल लागला. पास.

पण नेम तर मोडलाच होता. त्याच दुपारी देवाची क्षमा मागून दहावी काडी खोडावी, म्हणून खणातून वही काढली. गडबडीत मागून उघडायची ती पुढून उघडली. पहिल्याच पानावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'एक-अ: भात, सहा वाट्या. एक-ब: भोपळ्याचं सूप, पातळ.'

दहा दिवस मी रोज सकाळी अंघोळ करून, हात जोडून, त्याच वहीत काडी ओढत होते. आणि दिवसभर ती हरवल्याबद्दल यांच्यावर मनातल्या मनात जळत होते.

हे बिचारे आता वही सापडेपर्यंत चहा सोडून बसलेत. ती लवकरच यांच्याच कचेरीच्या पिशवीत, तळाशी सापडेल, अशी माझी देवाशी बोलणी चालू आहेत. तोवर मी नवा नेम धरलाय: या एका विषयावर संपूर्ण मौन. तुम्हाला सांगितलं ते सांगितलं. आता हात जोडून विनंती, माझ्याबरोबर तुम्हीही हा नेम पाळा. विशेषतः हे दारात भेटले आणि वही पाहिलीत का, असं त्यांनी विचारलं, तर.