गोमटेशने ताट सोडले

गोमटेशने ताट नाकारले, त्या दिवशी त्याची बायको कीर्ती हिचा संशय पक्का झाला.

तिने नेहमीप्रमाणे वाढायला घेतले होते. तो ओट्याशी उभा राहून म्हणाला, "ताट कशाला? हातावरच दे." मग उभ्यानेच ओंजळीत खिचडी घेऊन त्याने ती संपवली, हात धुतले आणि तो आपल्या खतांच्या दुकानाला निघून गेला.

दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात, हे त्यांच्या कुंडल गावातल्या जैन घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. नवरा दीक्षेच्या वाटेला लागला, हे कीर्तीने हातातली पळी खाली ठेवायच्या आधीच ओळखले.

खरी गोष्ट वेगळीच होती. गोमटेशला हिमाचलातल्या उंच खिंडी एकट्याने चालत ओलांडायच्या होत्या. पाठीवर तंबू घ्यायचा, संध्याकाळ होईल तिथे मुक्काम करायचा आणि सकाळी पुढची वाट धरायची. दुकानात गिऱ्हाईक नसले की तो मोबाइलवर अशा भटक्यांचे व्हिडिओ बघत बसे. सगळे सामान आपल्याच पाठीवर न्यायचे, म्हणून ते होईल तितके हलके करायचे, एवढे तो त्यांतून शिकला होता. ताटाला वजन असते, म्हणून ताट गेले.

हे सरळ घरात सांगितले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण गेल्या वर्षी मित्रांबरोबर कासच्या पठारावर एक रात्र राहायचे त्याने नुसते सुचवले, तर कीर्ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. म्हणून त्याने ठरवले, की तयारी गुपचूप करायची आणि चांगला मुहूर्त बघून परवानगी मागायची. तो मुहूर्त काही सापडत नव्हता.

तयारी मात्र घरभर दिसत होती. तो गादी सोडून माडीवर पातळ चटईवर झोपू लागला. पाणी उकळूनच पिऊ लागला. रोज पहाटे गावालगतचा डोंगर चढून उतरू लागला आणि डोंगरावर देवस्थान असल्यामुळे त्याचाही अर्थ घरच्यांनी आपल्या परीने लावला. वर थंडीत अंघोळ मिळणार नाही, म्हणून त्याने आठवडाभर अंघोळीविना राहून पाहिले. मुनी अंघोळ करत नाहीत. दातही घासत नाहीत. कीर्तीने न्हाणीघरात पाहिले, तर गोमटेशच्या ब्रशची दांडी निम्म्यावर कापलेली होती.

तिने तो तुकडा सासूला दाखवला. आक्काताईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

"निम्मं सोडलंय," त्या म्हणाल्या. "ऱ्हायलेलं सुटायला किती वेळ लागतोय."

"मग इचारूया का, आत्ती?"

"खुळी का काय? असल्या गोष्टी इचारायच्या नसत्यात. त्यो सोताच्या तोंडानं सांगंल तवा ऐकायचं."

कीर्तीने ब्रश परत जागेवर नेऊन ठेवला. पण त्या दिवसापासून ती गोमटेशकडे असे बघू लागली, जसे स्टेशनवर निरोप देणारा माणूस गाडीच्या खिडकीकडे बघतो. आक्काताईंनी आपली रीत पाळून कुणालाच काही विचारले नाही. त्यांनी फक्त गोमटेशचा चुलतभाऊ जिनदत्तअण्णा याला सांगितले. जिनदत्तअण्णा मंदिराच्या समितीवर होता. त्याला सांगितलेली गोष्ट मंदिरात पाटीवर लिहावी लागत नसे.

त्यातच गोमटेशने धाकट्या भावाला, भरतेशला, दुकानाच्या किल्ल्या दिल्या आणि कुठला माल कुठून मागवायचा ते समजावून सांगितले. आता गावाला शंका उरली नाही.

लोक गोमटेशशी आदराने बोलू लागले. बांधावरून ज्याच्याशी वर्षानुवर्षे वाद होता तो शेजारी येऊन म्हणाला, "चुकलंमाकलं पोटात घाल, गड्या." घरोघरून जेवणाची बोलावणी येऊ लागली. आता गोमटेशलाच संशय येऊ लागला. यांना आपला बेत कळला की काय? कळला असेल, तर कीर्ती अजून भांडत कशी नाही? ती तर त्याच्या आवडीची पुरणपोळी करत होती आणि वाढताना डोळे टिपत होती. तिचे न भांडणे त्याला सगळ्यात धोक्याचे वाटले.

शेवटी जिनदत्तअण्णाने एका रविवारी त्याला मंदिराच्या सभागृहात नेले. पाहतो तर सगळा समाज जमलेला. गोमटेशच्या गळ्यात हार पडला. अण्णाने दोन शब्द बोलून कीर्तीकडे पाहिले.

"कीर्ती, घरच्यांची परवानगी लागती. तुझं काय म्हणणं हाय?"

कीर्ती उठली. पदर नीट करून म्हणाली, "मी आडवी येणार न्हाई. जावा तुमी."

गोमटेशचे डोळे भरून आले. एवढ्या महिन्यांची चोरी, आणि बायको चारचौघांत हो म्हणते. तो उभा राहिला आणि सगळ्यांना हात जोडून म्हणाला, "आज मन हलकं झालं. तंबू दुकानात येऊन पडलाच हाय. महिन्याभरात जाऊन येतो."



"येतो म्हंजे?" जिनदत्तअण्णाने विचारले. "दीक्षा घेतल्यावर माघारी येत न्हाईत, गोमटेश."

"कसली दीक्षा?"

मग सगळा उलगडा झाला. खिंडी, तंबू, वजन, कापलेला ब्रश, सगळेच त्याने सांगितले. मागच्या रांगेतले काही जण चपला शोधू लागले. आक्काताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि लगेच त्यांचा चेहरा थोडा उतरलाही. कीर्ती अजून उभीच होती.

"अण्णा," ती म्हणाली, "दिलेली परवानगी माघारी घेता येती का?"

अण्णावर तसा प्रसंग कधी आला नव्हता.

"अगं, महिन्याभराचाच तर प्रश्न हाय," गोमटेश काकुळतीला आला. "कायमचं जायला हो म्हणालीस की."

"ते धर्मासाठी जाणं हुतं. काळजावर दगड ठिवून हो म्हटलं. पण घरात गादी असताना बर्फात झोपायला कोण जातंय? संगं कोण हाय तुमच्या?"

"कोण न्हाई. एकटाच."

कीर्तीने सासूकडे पाहिले.

"बघितलंसा, आत्ती? आता मला खरा संशय यायला लागलाय."